कुंडीतली पात आणि माझी बोटं

प्रिय आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

मागच्या पत्रातली चूक आधी दुरुस्त करते. शेजारच्या काकूंबरोबर कुंडीत लावून पाठवलेलं रोप चाइव्हचंच, म्हणजे कांद्याच्या वासाच्या त्या बारीक परदेशी पातीचंच आहे, असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. तू शिकवल्याप्रमाणे पान चोळून वास घेतला होता, पण त्याआधी खानावळीत परातभर कांदा चिरला होता. त्या बोटांनी चोळलेल्या गवतालाही कांद्याचाच वास आला असता!

आमच्या खानावळीच्या बागेतले माळीदादा आता म्हणतात, "ताई, चाइव्हची पात नळीसारखी पोकळ असते. तुम्ही रोप काढलंत त्याच वाफ्यात फुलझाडाचे कंदही आहेत, ते विषारी." त्यामुळे काकू पोचल्या, तरी ती पात बाबांच्या जेवणात मुळीच घालू नकोस.

चाइव्हने भूक वाढते, असं माळीदादा सांगतात, म्हणून तर बाबांसाठी ते रोप पाठवलं. आमच्या स्वयंपाकीणबाई हसतात, "भूक चवीने लागते गं, औषधाने नाही!" खरं कोणाचं, हे मला बघायचंच आहे. बाबा अर्धी पोळी तरी खातात का? मला बरं वाटावं म्हणून "हो" लिहू नकोस.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. सुट्टीच्या दिवशी सकाळी, कांद्याला हात लावायच्या आत, वाफ्यात रोप काढलं त्या जागेभोवतीची एकेक पात मोडून पोकळ आहे का ते बघणार आहे आणि लगेच तुला फोन करणार आहे: येत्या गुरुवारी, एकोणीस तारखेला.

तुझी,
धाकटी