आधी डीपी, मग खांब, मग घर

पप्पा, आज सकाळी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये फुटबॉल विश्वचषकाचा सामना दाखवला आणि ऐन रंगात लाईट गेली. तुम्ही असता तर पुढचं काही सांगावंच लागलं नसतं. लाईट गेल्यावर माणसं काय काय बोलतात हे डोंबिवलीच्या वीज मंडळाच्या त्या तक्रार ऑफिसात फोनवर बसून तुम्ही जितकं ऐकलंत तितकं कुणी ऐकलं नसेल. पण तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. जे सांगायचंय ते घरात कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून वही घेऊन बसलोय.

आधी ही माणसं कोण ते सांगतो. मी आता घोडबंदर रोडला सतराव्या मजल्यावर राहतो. हे घर तुम्ही पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर गॅलरीतून डोंगर बघायचे सोडून 'डीपी कुठाय रे इथला?' असं विजेच्या पेटीबद्दल तेवढं विचारलं असतंत. इथल्या लोकांना फुटबॉल चार वर्षांतून एकदा आठवतो, आणि आठवला की असा आठवतो की जणू यांचे आजे-पणजे स्टेडियममध्येच जन्मले. यंदा सामने अमेरिकेत, म्हणजे आपल्याकडे अवेळी, नाहीतर सकाळी साडेसहाला. महिनाभर सोसायटीच्या ग्रुपवर एकच रडगाणं चाललेलं: लाईव्ह कसं बघायचं? कुठलं ॲप, कुणाचा पासवर्ड, कुणाच्या मेहुण्याने दुबईहून पाठवलेली लिंक. एका गृहस्थाने 'सामना थेट पाहण्याच्या सात पायऱ्या' असा लांबलचक मेसेज टाकला. त्यातली पहिली पायरी 'टीव्ही सुरू करा' अशी होती. त्यालाही लोकांनी अंगठे दिले, फुलं दिली, एकाने हात जोडले. आणि हे थेट म्हणजे तरी काय? बाराव्या मजल्यावर गोल झाला की तो आमच्याकडे अर्ध्या मिनिटाने होतो, कारण त्यांची केबल आणि आमचं इंटरनेट. खालून आरडाओरडा ऐकू आलेला असतो, गोल होणार हे शेंबड्या पोरालाही कळलेलं असतं, तरी आमच्या मजल्यावरचे लोक अर्ध्या मिनिटाने सोफ्यावरून उडी मारतात आणि एकमेकांना टाळ्या देतात.

शेवटी सेक्रेटरींनी ठरवलं की क्लबहाऊसमध्ये मोठा पडदा लावायचा. हे आमचे सेक्रेटरी म्हणजे पन्नाशीचा, पोटावर जर्सी ताणून बसवलेला माणूस. जर्सी ज्या देशाची होती तो नकाशावर दाखवा म्हटलं असतं तर बोट समुद्रात बुडालं असतं. उपमा होता, कॉफी होती, गालांवर झेंडे रंगवून घ्यायची सोय होती. मी कमिटीवर आहे, त्यामुळे खुर्च्या मांडायला मीही होतो. माझ्याही गालावर झेंडा होता, पप्पा. आज कुणाची टिंगल करताना तेवढं ध्यानात ठेवायला हवं.

तुम्ही सामने कसे बघायचात हे यांतल्या कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. खांबावरून पडून तुमचा गुडघा गेला तेव्हापासून तुम्हाला फोनवर बसवलेलं. सबस्टेशनच्या त्या खोलीत एक टेबल, एक काळा फोन, तक्रारींचं रजिस्टर आणि समोर भिंतभर पॅनेल. टीव्ही नव्हताच. मी डबा घेऊन यायचो तेव्हा तुम्ही पॅनेलवरच्या एका गोल मीटरकडे बोट दाखवायचात. 'हा बघ काटा. मॅच सुरू झाली की चढतो, संपली की उतरतो. वेळ झाली तरी नाही उतरला, म्हणजे एक्स्ट्रा टाईम.' अख्खी डोंबिवली चेंडूकडे बघायची आणि तुम्ही डोंबिवलीकडे. मला ते तेव्हा अत्यंत केविलवाणं वाटायचं. माझ्या वर्गातल्या एकाचा बाप बँकेत होता, एकाचा दुबईत. माझा बाप मॅच काट्यावर बघतो हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

त्याहून चीड यायची ती तुमच्या 'साहेब'ची. फोन वाजला की तुम्ही खुर्चीतल्या खुर्चीत ताठ व्हायचात. 'हो साहेब. गाडी निघाली साहेब. माफ करा साहेब.' पलीकडून शिव्यांची लाखोली, आणि इकडून तुम्ही साहेब, साहेब. कुठलाही किराणा दुकानदार, कुठलाही पानवाला तुमचा साहेब. मी डबा टेबलावर ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो. एकदा न राहवून विचारलं, 'तुम्ही उलटून का नाही बोलत?' तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, 'अरे, अंधारात बसलेल्या माणसाशी काय भांडायचं? त्याचा पत्ता घ्यायचा.' आणि मग तिथेच शिकवलंत. लोक फोन करतात आणि आधी शिव्या घालतात, मग नाव सांगतात, मग म्हणतात ते देवळाजवळ, ते पिंपळाच्या समोर. अशाने माणूस पोचत नाही. आधी डीपी सांगायचा, मग खांबाचा नंबर, मग घर. 'शिव्या द्यायच्याच असतील तर सगळ्यात शेवटी द्याव्यात,' असं म्हणून तुम्ही स्वतःच हसलात. मी हसलो नाही. पण पाठ झालं. आजही मी कुठे राहायला गेलो की देव्हारा लावायच्या आधी डीपी शोधून ठेवतो.

घरी मात्र 'साहेब' मी. रोज सकाळी तुम्ही माझ्या पायाचा अंगठा ओढून म्हणायचात, 'उठा साहेब, नळाला पाणी आलंय.' तेवढा एक साहेब मला आवडायचा.

आता त्या रविवारचं. मी चौदा वर्षांचा. विश्वचषक जपान-कोरियात होता, त्यामुळे अंतिम सामना आपल्याकडे दुपारी साडेचारला. घर पोरांनी भरलेलं, शेजारचे काका लुंगी सावरून स्टुलावर, मम्मी सगळ्यांना सरबत देतेय. हाफ टाईम होऊन थोडा वेळ जातो आणि फट् करून पडदा काळा. पंखा गरगरत थांबतो. सगळी डोकी माझ्याकडे वळतात. 'अरे तुझा बाप काय करतो रे तिकडे?' 'झोपला असेल.' 'फोन लाव ना यार, तुझंच तर ऑफिस आहे.' काका लुंगीतून रुपयाचं नाणं काढून माझ्या हातात कोंबतात. चौघं जण मला ढकलत नाक्यावरच्या फोन बूथवर नेतात, काचेला नाकं लावून उभे राहतात. फोन एंगेज, एंगेज, मग लागतो.

'फ्यूज कॉल ऑफिस, बोला साहेब.'

मी मोठ्या माणसासारखा घोगरा सूर लावला. माझा आवाज तेव्हा नुकताच फुटला होता, त्यामुळे जमलं. 'काय झोपा काढता काय रे तिकडे? मॅच चालू आहे कळत नाही? फुकटचा पगार खाता नुसते.'

'हो साहेब, फीडर गेलाय. माणसं निघालीयत साहेब. पत्ता सांगा.'

आणि मी सांगितला. पुढच्या चाळीचा सांगितला, तेवढी अक्कल होती. पण सांगितला कसा? 'मंदिरामागचा डीपी, खांब नंबर अकरा, तळमजला, दुसरी खोली.' सगळ्या डोंबिवलीत असा पत्ता सांगणारं एकच पोरगं होतं. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा शेवटचा शब्दही तोंडातून गेला होता. तुमच्याकडून पॅनेलची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग पेनाची खरखर, आणि मग तुम्ही, अगदी नेहमीसारखे, 'लिहून घेतलं, साहेब.'

संध्याकाळी तुम्ही आलात, पाय धुतलेत, जेवायला बसलात. 'मॅच कशी झाली?' विचारलंत. मी ताटावरून नजर न उचलता म्हणालो, 'बघायला मिळाली कुठे? तुमच्या ऑफिसची कृपा.' मम्मी माझ्यावर ओरडली. तुम्ही नाही ओरडलात. 'अठ्ठावीस मिनिटं गेली होती,' म्हणालात. 'नंतर काटा वेळेवर उतरला. म्हणजे एक्स्ट्रा टाईम नाही झाला.' बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा ओढलात आणि म्हणालात, 'ऊठ रे, पाणी आलंय.' मी अंथरुणात पडून वाट बघत राहिलो. त्यानंतर तुम्ही दहा वर्षं जगलात. माझी बारावी झाली, नोकरी लागली, तुमचं दुखणं झालं, पण मला पुन्हा कधी साहेब म्हणाला नाहीत. तक्रार केली नाहीत, टोमणा मारला नाहीत, मम्मीलाही सांगितलं नाहीत. फक्त तो एक शब्द काढून घेतलात.

तर आज सकाळी. दुसरा हाफ, बरोबरी, आणि पडदा काळा. जनरेटर चालू व्हायला हवा होता, नाही झाला. मग माणसांचं जे काही होतं ते झालं. गालांवर झेंडे असलेली, लाखोंच्या गाड्या फिरवणारी ही मंडळी दोन मिनिटांत फोन बूथवरची झाली. कंपनीच्या तक्रार क्रमांकावर बाई 'एक दाबा, दोन दाबा' करत होती, म्हणून वॉचमनने इथल्या वायरमनचा नंबर दिला. सेक्रेटरींनी फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे सगळ्यांना आपला पराक्रम ऐकू जाईल. 'ओ, झोपलात काय? इथे दोनशे लोक बसलेत. आम्ही बिलं कशाला भरतो मग? तुमची कंप्लेंट करतो, थांबा!' पलीकडे वयस्कर आवाज. 'हो साहेब. दुसऱ्या कामावर आलेलो, निघतोच साहेब. पत्ता सांगा.' सेक्रेटरींनी पत्ता सांगायचा सोडून आणखी चार वाक्यं झाडली आणि लोक खिदळले. एकाने तर टाळी दिली. मग दमून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. 'तुम्ही घ्या हो, तुमचा आवाज भारी आहे. जरा झाडा त्याला.'

मला त्या सगळ्यांची किळस आली. मी स्पीकर बंद केला आणि म्हटलं, 'मागच्या गेटचा डीपी, नाल्याच्या बाजूचा. तिथून दुसरी पेटी. मग सी विंग, क्लबहाऊस.' मग तो माणूस हसत म्हणाला, 'साहेब, तुम्ही आमच्या लाईनमधले का?'

इथे मी काय म्हणायला हवं होतं ते तुम्हाला माहीत आहे. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, 'नाही.'

वीस मिनिटांत लाईट आली. तोवर गोल होऊन गेला होता. कुणी त्या माणसाला फोन करून आली म्हणून सांगितलं नाही. मी पाहिलं त्याला मागच्या गेटपाशी, सायकलीला पिशवी अडकवत होता. मी उपम्याची बशी धरून क्लबहाऊसच्या दारात उभा राहिलो आणि तो दिसेनासा झाल्यावर आत आलो. म्हणजे त्या सगळ्यांची किळस आली असं वर लिहिलंय त्यात एक माणूस मोजायचा राहिला.

हे पत्र कुठे पाठवणार? नीट पत्ता सांगितल्याशिवाय माणूस पोचत नाही, तुम्हीच शिकवलंत, आणि तुमच्या हल्लीच्या ठिकाणचा डीपी मला माहीत नाही. वहीत राहील. पण मिटायच्या आधी वरचं एक दुरुस्त करतो. त्या रविवारी घरात पोरं नव्हती. ती सगळी पुढच्या बिल्डिंगमध्ये मोठ्या टीव्हीवर मॅच बघायला गेलेली. मला कुणी बोलावलंही नव्हतं. शेजारचे काका गावी होते. मम्मी झोपली होती. रुपया घड्याळाखालचा होता, तुम्ही पावासाठी ठेवलेला. बूथवर मी एकटाच होतो, पप्पा. मला कुणीच ढकललं नव्हतं.