आठच्या बोल्टला आठचं भोक

२३ ऑक्टोबर १९८८, रविवार
बोनसमधून ड्रिल मशीन आणलं. आता या घरात मिस्त्री नावाचा प्राणी पाऊल टाकणार नाही.
बायकोच्या, नीरजाच्या, शिलाई मशीनचं पायडल निसटतं. बिडाच्या पायात जिथे बोल्ट बसतो, तिथले आटे झिजलेत. दिवाळीच्या ब्लाउजांचा ढीग अडलाय. माधवला विचारू का, म्हणाली. माधव म्हणजे तिचा भाऊ, भोसरीला कारखान्यात टूलरूममध्ये आहे. असेल. मीही विमा कचेरीत जन्म काढलाय. भोक पाडायला मेहुणा लागत नाही. भाऊबीजेला तो येईल तेव्हा मशीन चालू दिसलं पाहिजे. निश्चय.

२५ ऑक्टोबर
प्लॅन : जुनं भोक सहा मिलिमीटरचं. मोठं करून आठच्या बोल्टचे आटे पाडायचे.
बुधवार पेठेत गेलो. आटे पाडायचा टॅप घेतला. तीनचा सेट असतो म्हणे. दुकानदार म्हणाला, आठच्या टॅपला सहा पॉइंट आठचं ड्रिल न्या. का? तर आटे पाडायला लोखंड शिल्लक नको का! पडून राहिलेला माल गळ्यात मारतात तो असा. पॉइंटात मोजायला हे काय सोनं आहे? म्हटलं, बोल्ट आठचा, भोक आठचं. त्याने आठचं दिलं. वर म्हणाला, दुकान रविवारी बंद असतं, परत यायचं असेल तर त्या बेताने करा. उद्धटपणाचे वेगळे पैसे लावत नाहीत, एवढंच.

३० ऑक्टोबर, सकाळ
भोक झकास. टॅप फिरवला. काय हात आहे माझा! जोर म्हणून लागला नाही. माधव उगाच सांगत असतो, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. थापा.

दुपार
बोल्ट घातला. फिरवावाही लागला नाही. पलीकडून खाली पडला.

संध्याकाळ
बोल्ट सदोष आहे.
नीरजाने विचारलं, झालं का? म्हटलं, जवळजवळ. ती शेजारच्या श्यामलाकडे गेली. हल्ली रोज जाते. बरा वेळ मिळतो गप्पांना.

२ नोव्हेंबर
आता दहाचा टॅप. दुकानदाराने मला पाहताच साडेआठचं ड्रिल काउंटरवर ठेवलं. घेतलं नाही. आठचं भोक तयार असताना अर्ध्या मिलिमीटरसाठी खर्च? शिवाय मागच्या वेळी भोक मोठं झालं, या वेळी लहान आहे. अनुभवातून शिकणं म्हणतात ते हेच. तेल लावा, म्हणाला. तेलही विकत असणार.

६ नोव्हेंबर
पहिले दोन टॅप सोडून थेट तिसरा लावला. शेवटी तिसराच वापरायचा, तर आधीचे सोपस्कार कशाला? घट्ट जातोय. घट्ट म्हणजे पक्कं काम. आणखी जोर लावला. कट्.

थोड्या वेळाने
अर्धा टॅप माझ्या हातात, अर्धा मशीनच्या पायात. पोलाद पूर्वीसारखं राहिलं नाही.

संध्याकाळ
तुकडा ड्रिलने काढायला गेलो. तुकडा जसाच्या तसा, ड्रिलचं टोक गेलं. आता मात्र घाम फुटला. दिवाळी तोंडावर, लोकांचे ब्लाउज माझ्यामुळे राहिले. मनापासून वाईट वाटलं. नीरजा मात्र चहा देऊन श्यामलाकडे गेली. विश्वास आहे तिचा.

९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
मशीनवर चादर घातली, वर फराळाचे डबे. आळीतल्या बायका पाहाव्यात तर सगळ्या नव्या ब्लाउजात. नीरजाला विचारलं. म्हणाली, तुम्ही ड्रिल मशीन घेऊन आलात, त्याच दुपारी कापडं श्यामलाकडे नेली. तिच्याच मशीनवर शिवले सगळे. मग मला सांगायचं नाही? म्हणाली, तुम्ही छान रमला होतात.

११ नोव्हेंबर, भाऊबीज
माधवने डबे उतरवले, चादर काढली, वाकून पाहिलं. हसला असता तरी चाललं असतं. हसला नाही. भावोजी, दहाला साडेआठ लागतं, असं इतक्या प्रेमाने म्हणाला की मी बासुंदीची वाटी खाली ठेवली. पाय खोलून ठेवला. कारखान्यात तुकडा काढून देतो म्हणाला.
ओवाळून झाल्यावर त्याने विचारलं, ताई, काय घालू ओवाळणी? नीरजा म्हणाली, या वर्षी साडी नको. तेवढं ड्रिल मशीन घेऊन जा.
मी म्हटलं, अगं, ते माझ्या बोनसचं आहे. ती म्हणाली, वर्षातून एकदाच मागते मी त्याच्याकडे.
घेऊन गेला. पिशवी मीच दिली.