आधी दोर, मग रंग

क्रान्य, १४ फेब्रुवारी

प्रिय येर्नेय,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे. तिचा गुडघा कुरकुरतो, आणि ती गुडघ्याहून जास्त. नाताळच्या जेवणावरून तू उठून गेलास, त्याविषयी आज एक अक्षरही लिहिणार नाही. आज मला इतका आनंद झालाय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, आणि ज्याला तो कळेल असा तूच एक आहेस.

आमच्या कारखान्यात दोराचा नवा ब्रेक तयार होतोय. जखमी माणसाला कड्यावरून खाली सोडताना तुमचं बचाव पथक वापरतं ना, तसला. तो बाहेर पडण्याआधी आम्ही सगळे टेबलाभोवती बसतो आणि त्यात काय काय बिघडू शकेल ते शोधतो. प्रत्येक बिघाडाला तीन गुण द्यायचे: झाला तर घात किती, होईल कितीदा, आणि आमच्या नजरेतून निसटेल किती सहज. मग तिन्हींचा गुणाकार. ज्याचा आकडा मोठा, त्याचा बंदोबस्त आधी.

पहिला नंबर कुणाचा लागला असेल? मुठीवरचा रंग उडण्याचा! कारण तो सारखाच उडतो. आणि ओला ब्रेक गोठून दोर सुटण्याचा नंबर पार तळाशी, कारण असं क्वचितच होईल, असं सगळ्यांचं मत पडलं.

आमचे उत्पादनप्रमुख झागार खूश झाले. रंगाचं काम चटकन होणारं. मी म्हटलं, रंग उडाला तर गिऱ्हाईक रागावेल, दोर सुटला तर गिऱ्हाईकच उरणार नाही. गुणाकार काहीही म्हणो, जीव घेणारा बिघाड आधी.

ते हसले. "नेझाबाई, कधीमधी होणाऱ्या गोष्टीला पहिला मान? तुम्ही हिशेब मांडताय की नवस बोलताय?"

"त्या दोराला माझा भाऊ लटकतो," मी म्हणाले.

हे बोलायचं ठरवलं नव्हतं, तोंडून निघून गेलं. झागारांनी चष्मा पुसला आणि शीतपेटी मोकळी करायला सांगितली.

ब्रेक भिजवून गोठवला, दोर ओवला, वजन टांगलं. दोर सर्रकन सुटला आणि वजन धाडकन खाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आम्ही 'क्वचित' म्हणत होतो, कारण आजवर ओला ब्रेक कुणी गोठवून पाहिलाच नव्हता. तुला विचित्र वाटेल, पण मी आनंदाने टेबलावर हात आपटला. तो बिघाड एखाद्या माणसाला गाठण्याआधी आमच्या तावडीत सापडला होता! झागार तर माझ्याहून जास्त इरेला पेटले. जेवण विसरून त्यांनी आतल्या खाचा रुंद केल्या, दाते तिरपे केले. दोर दाबला की बर्फाचा भुगा होऊन बाहेर पडावा, एवढीच युक्ती. नवा ब्रेक आम्ही थकेपर्यंत गोठवला. दोर जागचा हलला नाही.

काल मोयस्त्रानाजवळच्या गोठलेल्या धबधब्यावर खरी परीक्षा झाली. आधी वाळूची पोती उतरवली. मग, आईला सांगू नकोस, मी उतरले. कमरेला दुसरा दोर होता, तरी काठावरची गाठ मी तीनदा तपासली. मग ब्रेकने धरलं. नाकासमोर निळा बर्फ, खालून झागारांच्या शंभर सूचना, आणि मी हसत सुटले होते. वर ब्रेक धरलेल्या आमच्या कारखान्यातल्या मुलीला वाटलं, मी रडतेय. थोडी रडतही होते.

येर्नेय, लिहिणार नाही म्हटलं ते लिहायला हवंच. नाताळला जेवताना, पथक सोड म्हणून मी तुझ्या मागे लागले होते. तुझ्या ताटातला घास तसाच राहिला. काल त्या दोरावर असताना मला वाटलं, कड्यावर अडकलेल्या माणसाला वरून कुणीतरी आपल्याला धरलंय हे कळतं, तेव्हा त्याला असंच वाटत असणार. तू त्यासाठी जातोस. आता मी तुला सोड म्हणणार नाही. भीती वाटेल. ती माझी मी बघेन.

पहिले ब्रेक मार्चमध्ये बोवेत्सला, तुमच्याच पथकाकडे जाणार आहेत. ते घेऊन मी स्वतः येतेय. जेवायला थांबेन. या वेळी मधूनच उठायचं नाही, तूही नाही आणि मीही नाही.

यापुढे तुझी वाट न अडवणारी,
तुझी ताई
नेझा