पेटीतलं की हातचं

प्रिय धाकट्या,

फोन केला की तू ‘बरं ताई, हो ताई’ करतोस आणि फोन बायकोच्या हातात देऊन मोकळा होतोस. म्हणून कागद घेतला. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नकोस. आणि हे तुझं तू वाच, बायकोला मोठ्याने वाचायला लावू नकोस. शनिवारपर्यंत त्या पेटीवाल्याला हो की नाही ते कळवायची मुदत आहे. मोठ्या ट्रकमध्ये कंपनीचं पेटीबंद तयार इंजिन बसवायचं, का जुनंच तुझ्याकडून पुन्हा बांधून घ्यायचं, प्रश्न एवढाच. त्याला तीन आठवडे गेले, कारण तू मला खरं सांगत नाहीस.

मला खटकलं ते पहिल्याच दिवशी. खाणीच्या उतारावर भरल्या गाडीचं इंजिन जॅम झालं, तुझ्या भाच्याने क्लच दाबून कशीबशी गाडी खडीच्या ढिगात घातली, मी पोचले, आणि मागोमाग तू पोचलास. तो पोरगा मला सांगत होता, आई, चहाचा थर्मास फुटला. तू काय केलंस? तेलाची पट्टी ओढलीस, नाकाला लावलीस, तुझा चेहरा पांढराफटक पडला, आणि म्हणालास, ताई, याच्यात आता काही राम नाही, पेटीतलं इंजिन घे. अरे, तू साधा पंखा बिघडला तरी आधी उघडून बघणारा माणूस. लहानपणी बाबांचं घड्याळ खोललंस म्हणून मार खाल्लास आणि दुसऱ्या दिवशी परत खोललंस. आणि चारच महिन्यांपूर्वी तू स्वतः बांधलेलं इंजिन, ते न उघडताच टाकून द्या म्हणतोस? तिथेच मी म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

आधी वाटलं, पेटीवाल्या एजंटाने तुला फितवलं. म्हणून त्याच्या गोदामात जाऊन आले. चकचकीत फरशी, गार हवा, आणि लाकडी पेट्यांमध्ये निळी रंगवलेली इंजिनं प्लास्टिकात गुंडाळून ठेवलेली. पोरगा गोड बोलतो. मावशी, कारखान्यात आठ तास चालवून बघितलंय, दोन वर्षांची गॅरंटी, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. मी म्हटलं, खालचं तेलाचं चेंबर उघडून दाखव, आत काय घातलंय बघू. तो म्हणतो, सील तुटलं की गॅरंटी गेली. मी म्हटलं, बाबा रे, कलिंगडवालासुद्धा काप काढून दाखवतो, तू कोण लागून गेलास! हसला लबाड. मग मी गिअरबॉक्सच्या तोंडाचं माप विचारलं, इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनची भोकं जुळतील का विचारलं, तेव्हा मात्र त्याने वही काढून नीट उत्तरं दिली. खोट काढायला गेले होते, सापडली नाही. त्याचाच राग आला. शेवटी तुझं नाव घेतलं. तो म्हणाला, कोण मिस्त्री? इथे कुणी मिस्त्री आले नाहीत. डोळे बघितले त्याचे. खोटं बोलत नव्हता.

मग वाटलं, तू तुझी कामाची शेड विकतोयस. परवा तुझ्या घरी सहज आले असं सांगितलं ना, ते सहज नव्हतं. शेडमधल्या लेथ मशीनवर जाजम टाकलेलं बघितलं. तू बाहेर गेला होतास. तुझी बायको म्हणाली, वन्सं, ह्यांनी बटणांचे शर्ट सगळे वाटून टाकले, आता नुसते टी-शर्ट घालतात, या वयात कसली हौस ही! तिला हसू आलं, मला संशय. पन्नाशी ओलांडल्यावर तरुण दिसायची हौस कुणासाठी, असंही क्षणभर मनात आलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात तू आलास. गॅसवर भात होता. तू उघड्या हाताने झाकण उचललंस, बघितलंस, परत ठेवलंस. सावकाश. बायको ओरडली, अहो, फडकं घ्या! तेव्हा कुठे तू हात झटकलास. उशिरा झटकलास, धाकट्या. कुणीतरी सांगितल्यावर झटकलास.

मी घरी आले ते त्या हाताचाच विचार करत. दुसऱ्या दिवशी तुझा भाचा दुसऱ्याच्या गाडीवर गेला होता. मी पोतं अंथरलं, दारात ओढून आणलेल्या मोठ्या ट्रकखाली गेले, तेल काढलं आणि चेंबर उतरवलं. गुडघ्यांनी शिव्या घातल्या, पण उतरवलं. आता तुला काय सांगायचं, तरी सांगते. क्रँकला, इंजिनाच्या त्या फिरत्या दांड्याला, खालून धरणाऱ्या सात कॅप. बाबा प्रत्येक कॅपवर पंचने ठिपके मारायचे, पहिलीवर एक, दुसरीवर दोन, आणि सगळे ठिपके सेल्फ स्टार्टरच्या बाजूला. एकीची जागा दुसरीला चालत नाही आणि बाजू फिरवलेलीही चालत नाही. तू अजून तसेच मारतोस. सहा कॅपचे ठिपके सेल्फकडे होते. तिसरीचे तीन ठिपके पलीकडे बघत होते. ती सोडून बघितली, तर आत बेअरिंग जळून काळं पडलेलं. आधी रागच आला. माझा पोरगा त्या उतारावर होता, धाकट्या. खडीचा ढीग दहा पावलं पुढे असता तर मी हे पत्र लिहायला बसले नसते आणि तुझं तोंडही बघितलं नसतं. हे तुला मऊ करून सांगणार नाही.

मग डोकं जरा थंड झालं तेव्हा कळलं. कॅप उलटी कुणाकडूनही बसेल. बाबांकडूनही एकदा बसली होती, मला आठवतं, बोल्ट आवळल्यावर क्रँक हाताने फिरवला आणि लगेच म्हणाले, अडकतोय, सोडा. आपल्याकडे प्रत्येक कॅपनंतर क्रँक फिरवून बघतात ते उगाच नाही. तू फिरवला नसशील असं होणार नाही. तू फिरवलास, आणि तुला कळलं नाही. बोटांना कळलं नाही. झाकणाचा चटका कळत नाही, शर्टाचं बटण सापडत नाही, तसंच. आणि तेल हुंगल्या क्षणी तुला उमगलं होतं आत काय असणार. म्हणून उघडू दिलं नाहीस. म्हणून पेटी, पेटी, पेटी. भाच्याने परत कधी तुझ्या हातचं इंजिन चालवू नये म्हणून. बरोबर ना? नाही म्हणून दाखव.

तुझ्या भाच्याला मी सांगितलं, तेलाचा पंप गेला होता, मामाचा काही दोष नाही. कॅप सुलटी करून वर चेंबर लावून टाकलं. आयुष्यात त्याच्याशी पहिल्यांदा एवढं सरळ खोटं बोलले आणि तो गाढव विश्वास ठेवून मोकळा झाला. म्हणाला, मामाने बांधलेलं म्हणूनच एवढं तरी टिकलं. मी भांडी घासायला उठले. ते खोटं मी किती दिवस वागवायचं, ते तू ठरव. मला नीट वागवता येत नाही, तोंडावर दिसतं.

आता शनिवारचं. मोठ्या ट्रकला पेटीतलंच इंजिन घेते. कळवूनही टाकलं आज सकाळी. पोरगा चालवतो, आठ तास चालवून बघितलेलं असेल तर असू दे, निळा रंग मला आवडत नसला तरी. पण पत्र त्यासाठी नाही लिहिलं. छोटा ट्रक धूर फेकतोय, त्याचंही इंजिन बांधायला आलंय. त्याचीही पेटी मिळते, विचारून आले, आणि नको म्हणून आले. ते तू बांधायचंस. कॅप तू बसव, माप तू घे, डोकं तुझंच चालव. क्रँक फिरवून मी बघणार, प्रत्येक कॅपनंतर, आणि अडकला तर तोंडावर सांगणार. तुझ्यावर विश्वास आहे वगैरे मी म्हणणार नाही, स्टूल टाकून समोर बसणार आहे. त्याआधी बोटांसाठी डॉक्टरकडे जा. गेलो होतो असं सांगू नकोस, कागद दाखव. तुझ्या थापा मी लहानपणापासून ओळखते. सोमवारी सकाळी गाडी तुझ्या दारात आणते, लेथवरचं ते जाजम तोवर उचल. आणि एक तुला ठाऊक नाही. छोट्या ट्रकचा ड्रायव्हर महिन्यापूर्वी सोडून गेला. तेव्हापासून ती गाडी मी चालवते. खाणीच्या त्याच उतारावरून, आठवड्यातून तीनदा, भरलेली.

तुझीच, आणि तुझ्यावर डोळा ठेवून असलेली,
ताई