आजोबा ओसरीवर उभे आहेत तोवर

हिंटनच्या दक्षिणेचा रस्ता,
मे महिन्याचा शेवटचा शुक्रवार

तीर्थस्वरूप व्हर्ला आत्याआजींना केझायाचा आदराचा नमस्कार.

आम्ही दोघं, म्हणजे आजोबा आणि मी, देवाच्या दयेने धड आहोत, आणि या वेळी हे वाक्य मी केवळ रीत म्हणून लिहीत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही 'ठीक' असं लिहिलं होतं, पण ते अक्षर तिरकं होतं म्हणून मला काळजी वाटली. (गुडघ्याचा आणि अक्षराचा संबंध नसेलही.) तुम्ही पाठवलेला पीचचा मुरंबा संपला. त्यातला मोठा वाटा मी खाल्ला, हे आजोबांनी सांगण्याआधी मीच सांगते.

पत्र लांबणार आहे. तुम्हाला ठाऊक आहे, माझी शाळा म्हणजे आईचं स्वयंपाकघरातलं टेबल, आणि त्या शाळेचा एक नियम होता, की हकिकत सांगताना आपल्या सोयीचा भाग आधी सांगायचा नाही. म्हणून क्रमाने लिहिते.

फेब्रुवारीत आमच्या रस्त्यावरची केबल बंद झाली. एवढ्या थोड्या घरांसाठी तार सांभाळणं परवडत नाही, असं कंपनीने कळवलं. आजोबा म्हणाले, "गेली तर गेली. त्या खोक्यात माणसं नुसती भांडतात." ते खरंच आहे, पण त्याच खोक्यात हवामानवालाही होता. बाह्या दुमडून, नकाशासमोर उभा राहून, वादळ कुठल्या रस्त्यावर केव्हा पोचेल ते नाव घेऊन सांगणारा. आमच्या भागात त्या माणसाचा मान पाद्र्याच्या खालोखाल आहे, आणि एप्रिल-मेमध्ये थोडा वरही. तो गेला, आणि वादळाची खबर ठेवण्याची जबाबदारी आता माझ्यावर आली, असं मला वाटू लागलं. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. (मला अशा गोष्टी कुणी सांगाव्या लागत नाहीत, हा माझा दोष आहे असं आई पत्रातून सांगते.)

आधी मी हवामानाचा रेडिओ आणला. ती एक लहानशी पेटी असते. एरवी गप्प बसते आणि संकटाची सूचना आली की किंचाळते. लावताना ती विचारते, की कोणकोणत्या जिल्ह्यांच्या सूचना हव्यात. मी आमचा कॅडो निवडला. मग वाटलं, तुम्ही कायोवात राहता, तुमच्यावर वादळ यावं आणि मला इथे पत्ताही नसावा हे बरं नव्हे. तुम्हाला घेतल्यावर मधला वॉशिटा वगळणं उद्धटपणाचं वाटलं. तिथून पुढे मला थांबायला योग्य जागाच सापडेना. ज्या जिल्ह्यात आपलं कुणी नाही, तिथल्या लोकांची छपरं काही कमी खरी नसतात. शेवटी पेटीत जितके जिल्हे येत होते तितके सगळे घेतले. परिणाम असा, की तीन जिल्हे पलीकडे गारा पडल्या तरी आमच्या घरात किंचाळी उठे, आणि मी हातातलं काम टाकून त्या जिल्ह्यासाठी प्रार्थना करी. त्यात मक्याचा पाव जळला, बीन्स करपल्या. आजोबांनी काही दिवस सोसलं. मग एके दुपारी पेटी दिसेना. आवाज मात्र येत होता, जरा लांबून आणि जरा घुसमटलेला. ती डीप फ्रीझरमध्ये तळणाच्या भेंडीच्या पिशव्यांखाली सापडली. विचारलं तर म्हणाले, "केझी, ज्या नदीचं नाव मला उच्चारता येत नाही, तिच्या पुरासाठी मी जेवण सोडणार नाही." पेटी त्यानंतर चालली नाही.

मग समोरच्या ड्वाइट हॅचरने (त्याला आता दुसरं बाळ झालं आहे) छपरावर अँटेना बसवून दिला. चित्र असं स्वच्छ आलं, की हवामानवाल्याच्या सदऱ्याची बटणं दिसावीत. पण ते हवा स्थिर असताना. वारा सुटला की अँटेना मान फिरवतो, आणि तो माणूस तोंड उघडं, बोट नकाशावर, अशा अवस्थेत चौकोन चौकोन होऊन विरतो. थोडक्यात, वादळ नाही ही बातमी आम्हाला उत्तम मिळे. मोबाइलवरही सूचना येतात, पण घरात रेंज नाही. ती फक्त कुंपणाजवळच्या गॅसच्या टाकीपाशी येते. म्हणजे विजा चमकू लागल्या की उघड्यावर जाऊन, लोखंडी टाकीला टेकून, 'ताबडतोब आत जा' ही सूचना वाचायची. (गावातला सायरन वारा उत्तरेचा असला तरच ऐकू येतो. वादळाच्या दिवशी तो दक्षिणेचा असतो.)

खरं सांगायचं तर या खटाटोपाची गरज मला एकटीलाच वाटत होती. रस्त्यावरच्या इतर कुणालाही केबल गेल्याचं दुःख नव्हतं, कारण त्यांच्याकडे आजोबा होते. तुम्ही हे लहानपणापासून पाहिलं असेल: आकाश काळवंडलं की आजोबा ओसरीवर येऊन उभे राहतात, आणि सगळा रस्ता त्यांच्याकडे बघत बसतो. वादळात लपायचं तळघर आमच्याकडेच आहे. ते उभे आहेत तोवर कुणी घर सोडत नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर आपटली की सगळे निघतात. पोगबाईंकडे त्यांच्या कै. नवऱ्याची दुर्बीण आहे, ती त्या ढगांना नव्हे, टोपीला लावून बसतात. मी एकदा त्यांना हात जोडून म्हटलं, मावशी, थोडं आकाशाकडेही बघत जा. त्या म्हणाल्या, "ढगातलं मला काय कळतंय, बाई? टोपीतलं कळतं." ड्वाइट तर माझ्या पेटीची टिंगलच करायचा. "किंचाळायला आमच्या घरी बाळ आहे की. तुझा म्हातारा कधी चुकलाय का, ते सांग." चुकले नव्हते. यंदा गारांपलीकडे काही आलंच नव्हतं, हेही तितकंच खरं.

गेल्या मंगळवारी दुपारी हवा अशी दाटली, की गाई कुंपणाच्या कोपऱ्यात गोळा झाल्या. मी टाकीपाशी गेले. सूचना आली, की वॉशिटातून कॅडोकडे टोर्नेडो निघाला आहे, जमिनीवर टेकलेला आहे, आणि आमच्याच दिशेने येतो आहे. मान वर केली तर नैऋत्येला ढगाचा तळ ओघळून खाली आलेला आणि त्याला सोंड फुटलेली. करडी, बारीक, संथ हलणारी. ती भिण्यासारखी दिसत नव्हती, त्याचीच भीती वाटली. मी ओसरीकडे धावले. आजोबा नेहमीच्या जागी खांबापाशी, अंगठे विजारीच्या पट्ट्यांत अडकवून उभे होते. म्हटलं, आजोबा, बघितलंत का? ते म्हणाले, "बघतोय ना. यात काही दम नाही, पोरी. दक्षिणेकडून निघून जाईल." आणि ते बघत होते हॅचरांच्या धान्याच्या कोठाराकडे. सोंड त्याच्या बरीच डावीकडे होती. तोंड त्यांचं कोठाराकडे होतं, पण मान घराकडे कलली होती, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे, कुणी हाक मारायची वाट बघावी तशी.

आत्याआजी, तेव्हा मला उमगलं. आजी होती तेव्हापासून आमच्याकडे एक शिस्त आहे. वादळाच्या दिवशी ती खिडकी उघडी ठेवायची आणि टीव्ही मोठ्याने लावायचा, 'तुम्हा बायकांना ऐकू यावं म्हणून'. बायका म्हणजे आजी आणि मी, आणि दोघींचे कान उत्तम. आजोबा कित्येक वर्षं आकाश बघतच नव्हते. ऐकत होते. (पोस्टमनला पाद्री समजून टोपी काढणं, बायबल उघडून पान न उलटता अध्यायच्या अध्याय म्हणणं, हे सगळं मी त्यांच्या थट्टेखोर स्वभावावर घातलं होतं.) यंदा त्या खिडकीतून काहीच येत नव्हतं, आणि तरी ते उभे राहत होते, कारण रस्ता त्यांच्याकडे बघत होता. या क्षणीही बघत होता. पोगबाई दुर्बीण लावून खुर्चीत, आणि ड्वाइटची बायको बाळ कडेवर घेऊन दारात.

'आजोबांना दिसत नाही' असं मी रस्त्यात उभी राहून ओरडले असते, तर लोक धावत आले असते की आधी वाद घालत बसले असते, कुणास ठाऊक. आणि ते वाक्य त्यांच्यादेखत माझ्या तोंडून निघेना. मी आत गेले, खिडकीशी उभी राहिले आणि आवाज जाड करून म्हणाले, "कॅडो जिल्हा. हिंटनच्या दक्षिणेच्या रस्त्यावरील लोकांनी आत्ताच्या आत्ता तळघरात जावं. हॅचरांच्या कोठाराच्या डावीकडे सोंड उतरली आहे." (टीव्हीवाल्याला हॅचरांचं कोठार माहीत असण्याचं कारण नाही, हे मला बोलून झाल्यावर सुचलं.) बाहेर आजोबांची मान सरळ झाली. तोंड डावीकडे वळलं. मग ते सावकाश म्हणाले, "हं. याचा रंग मला आवडत नाही," आणि टोपी काढून मांडीवर आपटली.

सगळे आले. पोगबाई केळ्याच्या पुडिंगचं भांडं घेऊन आल्या, कारण रिकाम्या हाताने त्या कुणाच्या तळघरात जात नाहीत. वादळ डोक्यावरून गेलं तेव्हा बाळही रडलं नाही. वर आलो तर आमचं घर जागच्या जागी होतं, अँटेना हॅचरांच्या गव्हात होता, आणि पोगबाईंची ओसरी, ज्या खुर्चीत त्या बसल्या होत्या तिच्यासकट, नव्हती. त्या मोकळ्या जागेकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग आजोबांचा हात धरून म्हणाल्या, "स्टोव्हलभाऊ, तुमचे डोळे आहेत म्हणून आम्ही आहोत." आजोबा खाली मान घालून बुटांकडे बघत राहिले. (बुटांच्या थोडं बाजूला.)

बुधवारच्या प्रार्थनेत पाद्रीसाहेबांनी त्या डोळ्यांबद्दल देवाचे जाहीर आभार मानले. आमेन म्हणावं की नाही हे मी ठरवेपर्यंत पुढची प्रार्थना सुरू झाली होती. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. मी शब्दाने खोटं बोलले नाही, पण आवाजाने बोलले असं मला वाटतं. त्याहून मोठी गोष्ट अशी, की रस्त्याचा त्यांच्यावरचा विश्वास आता दुप्पट झाला आहे. मी दिवसभर सहकारी संस्थेच्या कचेरीत असते. मी नसताना ढग आले तर ते पुन्हा तिथे उभे राहतील, खिडकी गप्प असेल, आणि ती सगळी माणसं टोपीकडे बघत आपापल्या घरात बसून राहतील.

असो. हे सगळं केवळ तुमच्या माहितीसाठी कळवलं. माझं काही मागणं नाही. गुडघा जपा, आणि पाऊस झाला तर त्या ओल्या पायऱ्या उतरू नका.

तुमची नात,
केझाया

ता. क. वरचं 'माझं काही मागणं नाही' हे वाक्य खरं नाही. शाईने लिहिलं असल्यामुळे खोडण्याऐवजी इथे दुरुस्त करते. तुमचा मोतीबिंदू लॉटनच्या ज्या डॉक्टरने काढला, त्याच्याकडे आजोबांना नेता येईल का? इथल्या डॉक्टरकडे नेणं शक्य नाही, तिथे पोगबाईंची भाची बसते. तुम्ही आमच्या भिंतीवरच्या फोनवर आजोबांना एवढंच म्हणा, "डेलमर, ट्रॅक्टर बिघडलाय, चार दिवस येऊन राहा आणि बघ." ट्रॅक्टर म्हटल्यावर ते येतील. पुढचं तुम्ही त्यांना तिथे सांगा, ते तुमच्यावर ओरडतील, माझ्यापुढे मात्र गप्प होतात आणि ते मला बघवत नाही. हे त्यांना मला स्वतः सांगवणार नाही, कारण तुमचा ट्रॅक्टर उत्तम चालतो हे मला माहीत आहे. कृपा करून त्यांना यातलं काही कळू देऊ नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवता येईना. एखाद्या माणसाविषयी एवढं लांब पत्र त्याच्या पाठीमागे लिहावं हे मला पटेना, म्हणून जेवणानंतर मी ते आजोबांना पहिल्यापासून वाचून दाखवलं. मध्ये ते एकदाच बोलले, मुरंब्याच्या ठिकाणी. संपल्यावर त्यांनी बोटांनी पानं मोजली. मग म्हणाले, "तो टीव्हीवाला पुटपुटत नसे. पुढच्या वेळी मोठ्याने बोल." मग म्हणाले, "व्हर्लाला कळव, हा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी येतो. ड्वाइट सोडेल. मी परत येईपर्यंत पोगबाईला सांग, आकाश आता केझी बघते म्हणून. कुठे गेलाय विचारलं तर ट्रॅक्टरचं सांग." मी म्हटलं, आजोबा, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी माझ्याकडे (जवळजवळ माझ्याकडे) पाहिलं आणि सुस्कारा टाकला.

तेव्हा आत्याआजी, त्या सोमवारच्या आत ट्रॅक्टरचं काहीतरी खरोखरच बिघडवून ठेवा. फार नको, मला पोगबाईंच्या तोंडाकडे बघून बोलता येईल इतपत. आजोबा म्हणतात, कार्बोरेटर सोडून काहीही चालेल. तो खोलायला दिसावं लागतं.