पहिल्याच संध्याकाळचा धनी

ओशकोश, ४ मार्च

चि. वेंडेल, आणि शनिवारी तुझ्या तळघरात फासे टाकायला बसणारे तुम्ही सगळे,
अ. उ. आ.

हे पत्र टेबलावर मोठ्यानं वाच. तुमचं-माझं दुःख एकच आहे. गेल्या हिवाळ्यात तळ्यानं माझा नवरा, तुमचा रॉल्फ नेला आणि आपल्यापैकी कुणालाच त्याच्याशी शेवटचं बोलता आलं नाही. त्यावर माझ्या लेकीला, थियाला, तुम्ही काय औषध दिलंत? तुमच्या त्या गोष्ट रचायच्या खेळात वठवायला एक जादूगारीण, आणि तिला पहिल्याच संध्याकाळी एक धनी, मंत्रांच्या बदल्यात करार करून घेणारा. राहतो बर्फाखाली, बोलतो हळू.

फोनवर आपण भांडतो, म्हणून हे तुमच्यातल्या गसच्या हाती देते आहे. तो रोज इकडे कामाला येतोच. थिया काम सुटलं की तळ्यावर जाते आणि रॉल्फच्या बर्फावर उभ्या मासेमारीच्या खोपटात बसून राहते. बाकीच्यांनी आपापली खोपटं केव्हाच काठावर ओढून आणली. कडेचं बर्फ वितळून काळं पडलंय. मी विचारलं, मरायचंय का तुला? तर शांतपणे म्हणाली, धन्यानं बोलावल्याशिवाय काही होत नाही.

खेळाच्या नव्या नियमपुस्तकात पात्र तिसऱ्या पातळीला पोचल्यावर धनी भेटतो, हे तूच नाताळात हसत सांगितलं होतंस. मग तुला कसली घाई होती? ज्या जादूगारणीला अजून ना गाव, ना शत्रू, ना कसली इच्छा, तिच्यासमोर तू एक मालक उभा केलास. त्याला द्यायला तिच्यापाशी काहीच नव्हतं. माझ्या पोरीनं स्वतःलाच दिलं.

लोभ आहेच, आज राग जास्त आहे.
तुझी ताई,
आर्लीन

ॲपलटन, ७ मार्च

ती. आर्लीनताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. त्यानंतर कुणी फासे उचलले नाहीत. गस म्हणाला, तुझ्या बहिणीला चर्चमध्ये उभं कर, सगळे घाबरून देणगी देतील.

माझी बाजू एवढीच की जादू कुणीतरी देतं, तेव्हा येते. मंत्र पहिल्या पातळीपासून चालणार आणि देणारा उगवणार तिसरीला, हे म्हणजे गाडी आधी पळणार आणि पेट्रोल नंतर भरणार. म्हणून मी जुन्याच रीतीनं खेळवत आलो. इतर खेळाडू धन्याची टिंगल करतात. गसनं आपल्या धन्याकडे चक्क सॉसेज मागितलं होतं. थियानं तिच्या धन्याला विचारलं, खाली थंडी वाजते का? मी तिथेच खेळ थांबवायला हवा होता. उलट धन्याच्या त्याच हळू आवाजात मीच हो म्हटलं.

आता मलाही भीती वाटते. काय करू ते सांग.

तुझा धाकटा,
वेंडेल

ओशकोश, ९ मार्च

चि. वेंडेल, आ.

आज दुपारी तळं तोफ उडाल्यासारखं वाजलं. भेग खोपटाच्या जवळून गेली आहे. थिया आली ती गुडघ्यापर्यंत भिजून. माझं ऐकत नाही, शेरिफच्या माणसाचंही ऐकलं नाही. त्या आवाजाचं ऐकेल. तर तिला फोन कर, तोच आवाज काढ आणि सांग की धनी म्हणतो, खोपट सोड. पुढचं पुढे बघू. मला पोरगी जिवंत हवी आहे, मग ती कुणाचं का ऐकेना.

आर्लीन

ॲपलटन, १० मार्च

चि. थियास, अ. आ.

आईनं सांगितलं तसा फोन हातात घेतला होता. त्या आवाजात बोललो असतो तर तू निघाली असतीस, आणि मी घाबरलो ते त्यालाच. आज माझ्या सांगण्यावरून तो तुला परत बोलावेल. उद्या मी नसताना तुझ्या डोक्यात बोलला, तर काय सांगेल?

म्हणून मामा म्हणूनच लिहितो. तो धनी मी आहे. तुझा बाबा हळू बोलत नसे, माशांनासुद्धा ओरडून शिव्या द्यायचा. तुझी जादूगारीण पहिल्या पातळीवरच आहे, तिला अजून कुणी भेटलेलं नाही. गस हे पत्र देईल. वाचलंस की काठावर ये.

तुझा मामा

ओशकोश, ११ मार्च

प्रिय मामास, सा. न.

गस कसला बर्फावर येतोय? काल काठावरून हॉर्न वाजवत बसला. शेवटी कंटाळून मीच चालत आले.

तो आवाज तुझा आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू कॉफीच्या मगात तोंड घालून बोलतोस, सगळ्यांना दिसतं. पण बाबा गेल्यापासून सगळे मला नुसते देत होते. आई ताट पुढे सरकवायची, तू गाडीतून ने-आण करायचास. धन्यानं विचारलं, तू मला काय देशील? असं मला दुसऱ्या कुणी विचारलंच नाही.

तिसऱ्या पातळीपर्यंत थांबते. तोवर माझ्या जादूगारणीला काहीतरी हवंसं वाटू दे. सध्या तिला घोडा हवा आहे.

पण मामा, काल परत येताना बर्फ पायाखाली वाकलं आणि मला तिथेच थांबावंसं वाटलं. आत्ताच आईला हे सांगितलं. तिनं दाराला कडी घातली आणि माझ्यासमोर खुर्ची टाकून बसली आहे. खोपट खिडकीतून दिसतंय. बुडू दे ते. पण अंधारू लागलं की पाय तिकडे वळतात, आणि आई एकटी मला किती धरून ठेवणार?

गस गाडी चालू ठेवून या पत्रासाठी थांबलाय. माया आहेच, ती पत्रातून पाठवू नकोस. आज संध्याकाळ व्हायच्या आत ये, आणि तळं मोकळं होईपर्यंत आमच्याकडे राहा.

थिया