पेमाची शिडी

पारो, भूतान

बाबा,
सप्रेम जयभीम.

मी निघाली तेव्हा तुम्ही म्हणले होते, "परक्या देशात तुले कोन इचारते? महिन्यात वापस येशीन." इथल्या शाळेत गणित शिकवायला लागून मले आता तीन महिने झाले.

इथंही घराघराच्या पत्र्यावर लाल मिरच्या वाळतात, आपल्या देऊळघाटसारख्या. मागच्या रविवारी अचानक आभाळ भरून आलं. शेजारची पेमा घरी नव्हती. आपल्याकडं ज्याले आभाळ आधी दिसलं, तो कोणाच्याही मिरच्या भरते; लहानपणी तुम्हीच मले लोकांच्या पत्र्यावर चढवत होते. मी तशीच तिची शिडी लावून वर चढली आणि पोतं भरू लागली. तेवढ्यात पेमा आली. मले चोर समजून ओरडली. लोक जमले. मी उतरली नाही. आभाळाकडं बोट दाखवलं आणि भरत राह्यली. पोत्याचं तोंड बांधलं, अन् पाऊस कोसळला.

आज पेमा माहेरी गेली. पत्र्यावर मिरच्या तशाच वाळत आहेत; जाताना शिडी माझ्या दाराशी ठेवून गेली.

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही गावभर सांगसान, "तिले म्याच शिकवलं."

खरंच आहे ते. पण थोडे दिवस हे माझं एकटीचं राहू द्या.

तुमची,
सारिका